डीव्हीडीस्टायलर आणि मागे पडणारा आवाज

व्हिडिओच्या फाइलींपासून डीव्हीडी तयार करणारे डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर मी गेले आठ महिने वापरत आहे. या काळात आमच्या गावच्या जत्रेतील संगीत नाटकाच्या चौदा डीव्हीडी, चतुर्थीतील घुमट (मातीच्या घड्याचे तालवाद्य) आरतीची एक आणि मावशीच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटची एक, अशी तीन वेगवेगळ्या प्रकारची कामे त्यावर पूर्ण झाली. तिन्ही ठिकाणी खरी अडचण एकच होती: चित्र आणि आवाज यांचा मेळ. म्हणून हे परीक्षण मी मुख्यतः त्याच अंगाने लिहीत आहे. मेनू कसा सजवावा, पार्श्वभूमीला कोणते चित्र लावावे, या गोष्टी या सॉफ्टवेअरमध्ये सोप्या आहेत आणि त्या कोणालाही तासाभरात जमतील.

आज डीव्हीडी कशाला, असा प्रश्न अनेकांनी मला विचारला. गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या गावात नाटकात काम करणारे आणि साथीला बसणारे निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या घरी टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर अजून जागेवर आहे आणि तो चालवता येतो. फोनवर दोन तासांचे नाटक पाहणे त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही. वर्षभर तालमी करून मध्यरात्रीनंतर रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या माणसाला आपले काम घरच्या पडद्यावर नीट पाहता यावे, एवढाच हेतू होता.

पहिली डीव्हीडी मी स्वतः केली नव्हती. फोनवर चित्रित केलेली २ तास १० मिनिटांची फाइल एका दुकानात दिली आणि दोन दिवसांनी डीव्हीडी हातात आली. नांदीपर्यंत सर्व ठीक वाटले. पहिल्या अंकाच्या शेवटी मात्र तबल्यावर बसलेले आमच्या वाड्यावरचे काका खुर्चीतून पुढे सरकले आणि म्हणाले, "हात उठून गेला तरी 'धा' अजून यायचा आहे. मी असा वाजवलेला नाही रे." त्या वेळी फरक जेमतेम पाऊण सेकंदाचा होता. दुसऱ्या अंकात रंगमंचावरचे दिवे मंद केलेला प्रवेश येऊन गेला आणि फरक एकदम तीन सेकंदांवर गेला. भैरवीच्या वेळी गायिकेचे ओठ मिटल्यावर साडेसहा सेकंदांनी शेवटची तान संपत होती. काकांनी पुढे पाहण्याचे नाकारले आणि ते योग्यच होते.

या प्रसंगातून मला जी गोष्ट प्रथम शिकावी लागली, ती कोणत्याही सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा महत्त्वाची आहे. आवाज पुढे-मागे होण्याचे दोन मूलभूत प्रकार आहेत. एकात फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहतो. दुसऱ्यात तो वेळेबरोबर वाढत जातो. दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर लावला तर नुकसानच होते. वाढत जाणाऱ्या फरकाच्या फाइलीत आवाज सरसकट तीन सेकंद अलीकडे ओढला, तर मध्यावरचा प्रवेश जुळतो, पण नांदी बिघडते आणि भैरवी तशीच मागे राहते. त्यामुळे फाइलीला हात लावण्यापूर्वी किमान तीन ठिकाणी मोजमाप घ्यावे: सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी.

मोजण्यासाठी व्हीएलसी प्लेयर पुरेसा आहे. फाइल चालू असताना 'के' ही कळ दाबली की आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो आणि 'जे' दाबली की तेवढाच अलीकडे येतो. मूळ फाइलीत काहीही बदल होत नाही. तबल्याचा खणखणीत ठोका, झांजेचा आघात किंवा घुमटावरची थाप यांपैकी काहीतरी डोळ्यांना स्पष्ट दिसणारे क्षण निवडावेत, कारण संवादात ओठांवरून नेमका क्षण पकडणे कठीण जाते. थाप आणि तिचा आवाज जुळेपर्यंत कळ किती वेळा दाबावी लागली ते मोजले की फरक कळतो. नाटकमंडळींना ही रीत समजावून सांगावी लागत नाही. समेवर टाळी देणाऱ्या माणसाचे डोळे आणि कान हे काम रोजच करत असतात.

कितपत फरक चालतो, यालाही मोजमाप आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी १३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतो, मागे पडलेला आवाज मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. ही तफावत मला सुरुवातीला विचित्र वाटली. मग देवळासमोरचा मांडव आठवला. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून ४० मीटरवर शेवटच्या रांगेत बसलेल्याला तिथला आवाज सेकंदाच्या नवव्या हिश्श्याइतका उशिराच पोचतो. मागून येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय आहे, पण हात पडण्यापूर्वी बोल ऐकू येणे निसर्गात कधी घडत नाही. म्हणून जुळवताना शंका राहिली तर आवाज किंचित मागे ठेवावा, पुढे कधीही नाही.

आता आमच्या फाइलीचा दोष. मीडियाइन्फो या मोफत साधनात ती उघडली, तेव्हा 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल', म्हणजे बदलती गती, असे लिहिलेले होते. फोन सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, घेतो असे आपण म्हणतो, पण तो घड्याळाच्या ठोक्यांवर फ्रेम घेत नाही. प्रकाश कमी झाला की प्रत्येक फ्रेमला अधिक वेळ देण्यासाठी अनेक फोन फ्रेमची संख्या आपणहून कमी करतात. प्रत्येक फ्रेम केव्हा दाखवायची याची वेळ फाइलीत नोंदलेली असते, त्यामुळे फोनवर पाहताना काही बिघडलेले दिसत नाही. पण कोणी चित्र आणि आवाज वेगळे केले, वेळेच्या त्या नोंदी गळून पडल्या आणि पुढच्या साधनाने सर्व फ्रेम सेकंदाला ३० याच गतीच्या आहेत असे धरून त्या रांगेत लावल्या, की चित्र आखडते. २ तास १० मिनिटांत २,३४,००० फ्रेम असायला हव्या होत्या. मीडियाइन्फोच्या सविस्तर माहितीत १९५ फ्रेम कमी भरत होत्या. त्यांना ३० ने भागले की बरोबर साडेसहा सेकंद येतात. दिवे मंदावलेल्या प्रवेशानंतर फरक एकदम का वाढला, तेही इथेच कळले. दोष डीव्हीडीचा नव्हता आणि ती बर्न करणाऱ्या यंत्राचाही नव्हता. तो त्याआधीच्या टप्प्यात शिरला होता.

हे कळल्यावर मी डीव्हीडीस्टायलरकडे वळलो. अॅलेक्स थ्युरिंग यांनी तयार केलेले हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. त्याच्या पोटात फाइलीचे रूपांतर करण्याचे काम एफएफएमपेग करते आणि डीव्हीडीची रचना बांधण्याचे काम डीव्हीडीऑथर करते. एफएफएमपेग फ्रेमच्या वेळेच्या नोंदी वाचतो, आणि याच कारणाने फोनची मूळ फाइल जशीच्या तशी दिली तरी डीव्हीडीस्टायलरने काढलेली प्रत शेवटपर्यंत जुळलेली होती. दुकानातील डीव्हीडीच्या अनुभवानंतर ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटली.

तरीही मी अंतिम प्रत त्या मार्गाने केली नाही. फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधून काढून तिची गती 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घेतली आणि मगच ती डीव्हीडीस्टायलरला दिली. असे केल्याने एक तपासण्याजोगी मधली पायरी मिळते: गती स्थिर झालेली फाइल व्हीएलसीत उघडून तिन्ही ठिकाणचे ठोके पाहता येतात आणि पुढे काही बिघडले तर ते कोणत्या टप्प्यात बिघडले हे लगेच कळते. फ्रेम जिथे कमी असतील तिथे हँडब्रेक आधीचीच फ्रेम पुन्हा लावतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. दोनदा रूपांतर झाल्याने चित्राचा दर्जा किंचित घसरतो, म्हणून या मधल्या फाइलीचा आकार मोठा राहिला तरी चालेल असे ठरवून दर्जाचा आकडा १६ वर ठेवावा. त्या सरकपट्टीवर आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी तयार करत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

डीव्हीडीस्टायलर उघडताच नव्या कामासाठी जी चौकट येते, तिच्यात डिस्कची क्षमता, टीव्हीच्या चित्राची पद्धत (पाल की एनटीएससी), चित्राचे प्रमाण आणि आवाजाचा प्रकार विचारला जातो. यांतील पाल आणि एनटीएससी यांची निवड घाईने करू नये. आपल्याकडे पाल चालते, म्हणजे ७२० बाय ५७६ चे चित्र आणि सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीत चित्र ७२० बाय ४८० चे असते, पण फ्रेम २९.९७ असतात. फोनच्या ३० फ्रेमचे २५ करायचे झाल्यास दर सहा फ्रेममागे एक टाकून द्यावी लागते, आणि द्रुत लयीत फिरणाऱ्या तबलजीच्या बोटांना त्यामुळे बारीक हिसके बसतात. आवाज जुळलेला असूनही पाहणाऱ्याला काहीतरी चुकते आहे असे वाटत राहते. बारकावे थोडे कमी झाले तरी हालचाल सलग राहावी म्हणून मी एनटीएससी घेतले आणि हँडब्रेकमध्येही २९.९७ हीच गती ठरवली. चौदापैकी तेरा घरांत ती डीव्हीडी व्यवस्थित चालली. एका घरी जुन्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे आले, त्यांच्यासाठी पालची वेगळी प्रत केली. ज्यांना प्रत्येकाच्या घरी जाऊन पाहणे शक्य नाही, त्यांनी सरळ पाल घ्यावे.

आवाजासाठी डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, लागतात. डीव्हीडीस्टायलर दिलेला आवाज त्या मापात स्वतः बदलून घेतो, त्यामुळे नवशिक्याला याची चिंता नाही. ज्यांनी हे काम दुसऱ्या साधनांनी हाताने केले आहे, त्यांना मात्र हा सापळा ठाऊक असावा. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज रूपांतर न करता ४८ समजून वाजवला, तर तो सुमारे ९ टक्के वेगाने धावतो आणि पट्टीही चढते. काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसते. पेटी वाजवणारा माणूस पहिल्या ओळीतच ते सांगेल. पट्टी बदललेली ऐकू आली, तर ओठांकडे पाहण्याची गरजच नाही, दोष नमुन्यांच्या संख्येत आहे असे खुशाल समजावे.

घुमट आरतीच्या वेळी प्रकार निराळा होता. घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्ये एकदम वाजू लागली की फोनचा माइक फाटतो, म्हणून आवाज एका वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. तो फोनच्या आधी सुरू केलेला असल्याने फरक १७ सेकंदांचा, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा होता. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डरचा आवाज उघडून आरतीपूर्वी घुमटावर पडलेली पहिली एकटी थाप शोधली, फोनच्या आवाजातील त्याच थापेखाली ती आणून ठेवली आणि सुरुवातीचा अनावश्यक भाग कापला. नंतर ती ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल म्हणून काढून डीव्हीडीस्टायलरमध्ये त्या चित्राला आवाजाचा मार्ग म्हणून जोडली. ही सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती मला सर्वांत उपयोगी वाटली. आरती ४० मिनिटांची होती म्हणून एवढ्यावर भागले. दोन उपकरणांची घड्याळे कधीही तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंदाची तूट पडते. दोन तासांच्या कार्यक्रमात ती डोळ्यांना दिसेल एवढी होते. अशा वेळी सगळा आवाज ताणत बसण्यापेक्षा पडदा पडलेल्या शांत जागांमध्ये थोडा थोडा काळ काढावा किंवा घालावा, म्हणजे गाण्याला धक्का लागत नाही.

मावशीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट हे तिन्हींतील सर्वांत कष्टाचे काम ठरले. कॅसेटवरून संगणकावर घेताना जिथे फीत खराब होती तिथे फ्रेम गळल्या आणि आवाज मात्र चालूच राहिला, त्यामुळे फरक पायऱ्या-पायऱ्यांनी वाढत होता. त्याला एकच उपाय आहे: प्रत्येक पायरीशी फाइल कापायची आणि तुकडे स्वतंत्रपणे जुळवायचे. अंतरपाटापासून पंगतीपर्यंत अकरा तुकडे झाले. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये, ती फीत तर जातेच आणि यंत्राचे डोकेही खराब होते.

किती मिनिटे एका डीव्हीडीत भरावीत, याचा हिशेब डीव्हीडीस्टायलर स्वतः करतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर २ तास १० मिनिटे बसवायची झाल्यास चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ४.८ मेगाबिट वाट्याला येतात. स्थिर कॅमेऱ्याने घेतलेल्या नाटकाला ते पुरतात. मात्र यातून आवाजाला किती द्यायचे हे आपल्या हातात आहे. असंकुचित पीसीएम आवाज एकटाच १.५ मेगाबिट खातो, म्हणून एसी-३ हा संकुचित आवाज घ्यावा. संपूर्ण काम माझ्या जुन्या लॅपटॉपवर पावणेदोन तास चालले. बर्न करण्याच्या चौकटीत थेट डिस्कवर न लिहिता आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची संगणकावरची प्रत, तयार करण्याचा पर्याय आहे, आणि माझा आग्रह आहे की प्रत्येकाने तोच घ्यावा. ती आयएसओ व्हीएलसीत उघडून तिन्ही ठोके पुन्हा पाहायचे, जुळले तरच डिस्क घालायची. दुकानात कोणी एवढे केले असते, तर काकांना ती संध्याकाळ सोसावी लागली नसती.

नवी प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. घरी मी ती तीनदा पाहिली होती, तरी काकांनी दहाव्या मिनिटाला हात वर केला. "आता उलटे झाले. हात पडायच्या आधी बोल येतो." मी नांदीपाशी पाहिले, मध्यावर पाहिले, शेवटी पाहिले, फरक सगळीकडे सारखा आणि अगदी थोडा, साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा होता. डिस्क तीच, प्लेयर चांगला. मग टीव्हीच्या मागे वाकून पाहिल्यावर कारण सापडले. मुलाने नवा सपाट टीव्ही आणून दिला होता आणि प्लेयरचा आवाज जुन्या अॅम्प्लिफायरला वेगळ्या तारेने जोडलेला होता. असे टीव्ही चित्र सुधारण्यासाठी ते क्षणभर आपल्याकडे थांबवून ठेवतात, आवाज मात्र अॅम्प्लिफायरमधून ताबडतोब बाहेर पडतो. डीव्हीडी पुन्हा करून यात काहीही साधले नसते. मी आवाजाची तार आधी टीव्हीला आणि टीव्हीतून अॅम्प्लिफायरला नेली, पहिल्या अंकाचा शेवट लावला आणि बाजूला उभा राहिलो. काकांनी मांडीवर ठेका धरला, तिहाईपर्यंत काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी आतल्या खोलीतून काकूंना हाक मारून खुर्ची आणायला सांगितली.